कॅम्पर ओढताना गाडी घाटात मरते: रेशो किती बदलावा आणि डिफरन्शियल कोणता घ्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोर बाय फोर डिझेल पिकअप, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे ३.७३ रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ३.७३ फेरे घेतो असा) अ‍ॅक्सल. मूळ २४५/७० आर १६ टायर काढून २६५/७५ आर १६ घातलेत. मागे भरलेला साधारण १२०० किलोचा कॅम्पर (बोलेरो कॅम्पर नव्हे, ओढायचा, झोपायची सोय असलेला ट्रेलर). खंबाटकी आणि पसरणी चढताना तिसऱ्यात गाडी दम सोडते, दुसऱ्यात टाकली की इंजिन ओरडतं. गॅरेजवाल्याने ४.५६ चा क्राउन-पिनियन (रेशो ठरवणारी दातेरी चक्रांची जोडी) आणि मागे फुल लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफरन्शियल) सुचवलाय. करावं का?

लॉकरचं उत्तर आधी देतो: कॅम्परसाठी फुल लॉकर नको. रेशोचं उत्तर तुम्ही कुठले टायर ठेवणार त्यावर आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. तुमच्या गाडीचा रेशो कंपनीने कमी दिलेला नव्हता. मोठे टायर घालून तो तुम्हीच कमी केलात.

हिशेब मांडू. २४५/७० आर १६ चा व्यास येतो सुमारे ७४९ मिमी, २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. म्हणजे चाक ७ टक्क्यांनी मोठं झालं. ३.७३ ला ८०४ ने भागून ७४९ ने गुणलं की ३.४८ येतात. आज तुमची गाडी जुन्या टायरवर ३.४८ चा अ‍ॅक्सल लावल्यासारखी चालते, आणि वर १२०० किलो ओढते. मरणारच.

घाटात हे कसं दिसतं बघा. तिसऱ्या गिअरचा रेशो १.४ धरू (तुमच्या गिअरबॉक्सचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या). दबलेल्या टायरचा परिघ जुन्या मापात साधारण २.३० मीटर, नव्या मापात २.४७. ताशी ४० ला चाक मिनिटाला जुन्या टायरवर २९० फेरे घेतं, नव्यावर २७०. इंजिनचे फेरे जुन्या टायरवर सुमारे १५१०, नव्यावर १४१०. शंभर फेऱ्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण बहुतेक टर्बो डिझेलची खरी ओढ १६०० ते १८०० च्या आसपास सुरू होते. १४०० ला टर्बो अजून झोपलेला असतो. अ‍ॅक्सलेटर दाबून फक्त धूर आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं.

आता जोर किती लागतो ते. गाडी २१०० किलो, माणसं-सामान ४००, कॅम्पर १२००, एकूण ३७०० किलो. १५ ला १ असा चढ धरला तर वर चढायलाच साधारण २४०० न्यूटन आणि टायरच्या लोळण्याला ५०० च्या वर, मिळून ३००० न्यूटनच्या आसपास. तिसऱ्या गिअरला, गिअर-अ‍ॅक्सलमधला १० टक्के तोटा धरून, इंजिनकडून सलग टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) मागणी अशी:

जुने टायर, ३.७३: सुमारे २३५ न्यूटन मीटर.
मोठे टायर, ३.७३: सुमारे २५०.
जुने टायर, ४.१०: सुमारे २१५.
मोठे टायर, ४.३०: सुमारे २२०.

वळणाबाहेर पडताना वेग परत घ्यायला जे लागतं ते यावर वेगळं. तुमच्या इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क ३०० च्या वर असला तरी तो १४०० फेऱ्यांवर मिळत नाही, हे विसरू नका. अ‍ॅक्सल बदलून इंजिनची ताकद कणभरही वाढत नाही. इंजिन जिथे ओढतं त्या फेऱ्यांत त्याला ठेवता येतं, एवढाच लाभ. उलट बाजू म्हणजे हायवे. ताशी ८० ला, पाचव्याचा रेशो ०.८ धरून, मूळ गाडी सुमारे १७३० ला चालायची. मोठ्या टायरवर ४.१० घातला तर १७७०, ४.३० ला १८६०, ४.५६ ला १९७०.

या आकड्यांवरून माझा सल्ला असा. मोठे टायर फक्त दिसायला घातले असतील, तर ते उतरवा. ७ टक्के फुकटात परत आले, स्पीडोमीटर ताळ्यावर आला, ब्रेकवरचा भार कमी झाला. मूळ टायरवर पुढे हवाच असेल तर ४.१० पुरतो, १० टक्के सुधारणा मिळते. मोठे टायर ठेवायचेच असतील तर ४.१० ने फक्त नुकसान भरून निघतं (बरोबर भरपाई ४.०० ला होते), खरा फायदा ४.३० ला. ४.५६ तेव्हाच, जेव्हा कॅम्पर बहुतेक दिवस मागे लागलेला असेल आणि रिकाम्या गाडीने मुंबई-पुणे फारसं होत नसेल. महिन्यातून एकदा महाबळेश्वर आणि दिवाळीत कोकण, एवढ्यासाठी ४.५६ घेऊन रोज हिंजवडीला इंजिन ओरडत न्यायला नको.

४.५६ बाबत आणखी एक आक्षेप आहे, तो दातांचा. ४.१० म्हणजे क्राउनला ४१ दात आणि टेल पिनियनला १०. ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. रेशो वाढला की पिनियन बारीक होत जातो, एका वेळी दातांची पकड कमी होते, आणि वजन ओढताना त्याच बारीक दातांवर सगळा भार येतो. क्राउनचा व्यास मोठा असलेल्या जड अ‍ॅक्सलला हे चालून जातं. हलक्या पिकअपच्या अ‍ॅक्सलला मी ते टाळेन.

पण गणित काहीही सांगो, तुमच्या हाउसिंगला (क्राउन-पिनियनभोवतीच्या कवचाला) नेमका कोणता जोड मिळतो त्यावर गाडी अडते. सर्वांत सोपी वाट म्हणजे कंपनीने त्याच अ‍ॅक्सलला दुसऱ्या मॉडेलमध्ये, जास्त वजनाच्या किंवा ऑटोमॅटिक आवृत्तीत, कोणता रेशो दिला होता ते पार्ट कॅटलॉगमध्ये शोधणं. तसा असेल तर अस्सल जोड मिळतो आणि बेअरिंगची मापंही जुळतात. नाना पेठेत चेसिस नंबर घेऊन जा, "अमुक गाडीचा क्राउन द्या" एवढंच सांगू नका. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत दोन अ‍ॅक्सल आलेले असतात. जुन्या बाजारातून सुटा क्राउन आणि कुठला तरी दुसरा पिनियन आणून जोडी बनवणं तर अजिबात नको. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जुळणीचा नंबर कोरलेला असतो. नंबर वेगळे, तर हाउसिंग पहिल्या दिवसापासून वाजणार.

घेण्याआधी केज (क्राउन जिच्यावर बोल्टने बसतो ती डिफरन्शियलची चौकट) तपासा. बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये एका ठराविक रेशोपुढे केज बदलावी लागते, कारण पिनियन बारीक झाला की क्राउनला त्याच्या जवळ सरकावं लागतं आणि जुन्या केजची फ्लँज तिथवर पोचत नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही, घरी आणल्यावर कळतं.

आत्ता तुमच्या गाडीत खरंच ३.७३ आहे ना, तेही एकदा मोजा. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना गुटके, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल. मागचं एकच चाक जॅकवर उचलून स्टँड लावा, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक स्थिर असताना साध्या डिफरन्शियलमध्ये (वळणात दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) क्राउन चाकाच्या निम्मे फिरतो, म्हणजे २० फेऱ्यांत १०. शाफ्ट ३७ आणि वर थोडा फिरला तर ३.७३, ४१ फिरला तर ४.१०. हे साध्या डिफरन्शियललाच लागू. मागे आधीच लॉक किंवा लिमिटेड स्लिप (एका चाकाला एकटं फार सुटू न देणारा डिफरन्शियल) बसलेला असेल तर दोन्ही चाकं उचलून, दोन्ही बरोबर १० वेळा फिरवून मोजा.

आणि गाडी फोर बाय फोर आहे, म्हणजे पुढचा रेशोही तोच हवा. याला पर्याय नाही. मागे ४.३० आणि पुढे ३.७३ ठेवून "फोर बाय फोर वापरतच नाही" असं म्हणणारे भेटतात. पण एखाद्या पावसाळी रात्री कुणी तरी लिव्हर ओढतंच, आणि मग ट्रान्सफर केसची (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या डब्याची) चेन, क्रॉस (शाफ्टचा सांधा) किंवा पुढचा अ‍ॅक्सल, यातलं जे सर्वांत कमजोर ते आधी जातं. तेव्हा खर्च दोन अ‍ॅक्सलचा धरा. बहुतेकांचा बेत इथेच बदलतो आणि टायर उतरवणं एकदम शहाणपणाचं वाटू लागतं.

आता डिफरन्शियलकडे. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. एक चाक चिखलात सुटलं की त्याला लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कोरड्या डांबरावर कॅम्पर ओढायला तो पूर्ण पुरतो, घाटात गाडी मरण्याशी त्याचा संबंध नाही. अडचण येते मुक्कामाच्या जागी. मुळशीकडे किंवा पवनेच्या काठी पावसानंतर गवतावर, काळ्या मातीत, चढावर कॅम्पर मागे घेताना एक चाक गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही.

त्यासाठी तीन वाटा. पहिली, हेलिकल गिअरचा लिमिटेड स्लिप. त्यात झिजायच्या क्लच प्लेट नसतात, वेगळं तेल लागत नाही, वळणात तो गुपचूप काम करतो. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं तर तो जवळजवळ ओपनसारखाच वागतो. तेव्हा हँडब्रेक एक-दोन दाते ओढला की थोडी पकड येते. दुसरी, क्लच प्लेटचा लिमिटेड स्लिप. स्वस्त, पण प्लेट झिजतात आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारं मिश्रण) नसेल तर हळू वळणावर कटकट करतो. तिसरी, बटणाने किंवा लिव्हरने लागणारा लॉक, जसा फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे कंपनीकडूनच येतो. हवा तेव्हाच लावायचा, सरळ दिशेत, ताशी १० च्या आत, डांबर आलं की लगेच काढायचा.

गॅरेजवाल्याने सुचवलेला कायमचा किंवा आपोआप लागणारा फुल लॉकर यात कुठे बसतो? ओल्या घाटात तो धोक्याचा आहे. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला कापायचा असतो. आपोआप लागणारा लॉकर अ‍ॅक्सलेटरवर दाब आला की दोन्ही चाकं एकत्र धरतो आणि सोडताना धक्का देतो. डांबर निसरडं असेल तर या ओढाताणीत दोन्ही मागची चाकं एकदम सरकतात. रिकामी गाडी असेल तर स्टिअरिंगने सावरता येते. मागे १२०० किलो हुकवर ढकलत असतील तर गाडी आणि कॅम्पर मधेच दुमडतात. ताम्हिणीत जुलैमध्ये हा प्रयोग करायचा नाही. थारमध्ये येणारा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आपोआप लागतो हे खरं, पण तो दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला तरच लागतो आणि गाडीने वेग घेतला की लागतच नाही. दोन्ही गोष्टी एका नावाखाली मोजू नका.

तुमच्यासाठी: आधी गाडीत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल (गरगरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावणारं) आहे का ते बघा. असेल तर ओपन ठेवून तो पैसा ब्रेकवर घाला. नसेल तर मागे हेलिकल. पुढे काहीही नको.

काम करून घ्यायचं ठरलं तर पार्टपेक्षा बसवणारा हात महत्त्वाचा. नव्या क्राउनचा सत्यानाश बहुतेक वेळा बसवतानाच होतो. मेकॅनिककडे डायल गेज, इंच-पौंडात मोजणारा छोटा टॉर्क पाना आणि शिमचा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचा) पूर्ण संच नसेल तर गाडी तिथे सोडू नका. "हाताला कळतं" हे उत्तर बेअरिंगच्या प्रीलोडला (बसवतानाच दिलेल्या दाबाला) चालत नाही.

बेअरिंग सगळी नवी: पिनियनची दोन, केजची दोन, शिवाय पिनियन सील, नट आणि क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपणारी नळी). शहाणा मेकॅनिक जुन्या बेअरिंगची भोकं आतून घासून सैल करून ठेवतो, म्हणजे शिम बदलून बघताना ती हाताने निघतात-बसतात आणि नवी बेअरिंग प्रेसवर पुन्हा पुन्हा काढून खराब होत नाहीत. क्राउन केजवर बोल्टने ओढून बसवायचा नाही. ९०-१०० अंशांपर्यंत गरम केला की स्वतःहून बसतो. त्याआधी फ्लँजवर तेलदगड फिरवून बुर काढायचे. बोल्ट नवे, आट्यांना लाल थ्रेडलॉकर, आणि काही अ‍ॅक्सलमध्ये हे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघून घ्या.

मग पिनियनची खोली. जुन्या पिनियनखालच्या शिमपासून सुरुवात करा, नव्या पिनियनवर कमी-जास्तीचा आकडा कोरला असेल तर तो धरा. प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, या आकाराच्या अ‍ॅक्सलला साधारण ०.१३ ते ०.२० मिमी ठेवतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच खरा. क्राउनभोवती चार ठिकाणी मोजा. ०.०८ च्या वर फरक आला तर क्राउनखाली कचरा आहे किंवा फ्लँज वाकडी आहे, पुढे जाऊ नका.

त्यानंतर छाप, म्हणजे दात एकमेकांना कुठे टेकतात त्याची खूण. सात-आठ दातांना पिवळा मार्किंग पेस्ट लावा, क्राउनला लाकडाने अडवून भार द्या आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. छाप दाताच्या मध्यावर हवी. दाताच्या शेंड्याकडे गेली तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, पिनियनच्या डोक्यामागे शिम वाढवा. मुळाकडे बसली तर पिनियन फार आत गेलाय, शिम कमी करा. आतल्या, अरुंद टोकाकडे सरकली तर क्राउन थोडा दूर घ्या, बाहेरच्या टोकाकडे सरकली तर जवळ. एका वेळी ०.०५ मिमी, आणि प्रत्येक बदलानंतर प्ले पुन्हा मोजायचा, कारण एकाने दुसरं हलतं. पाच-सहा वेळा उघडबंद होणं नेहमीचं आहे. मेकॅनिक पहिल्याच फेरीत "बसलं" म्हणाला तर छापेचा फोटो मागा.

शेवटी क्रश स्लीव्ह. पिनियन नट लांब दांड्याने थोडा थोडा घट्ट करत जायचा आणि दर वेळी पिनियन फिरवायला लागणारा जोर मोजायचा. नव्या बेअरिंगला साधारण १.५ ते ३ न्यूटन मीटर. एकदा का जास्त आवळला गेला, की नट सैल करून आकडा जुळवायचा नाही. चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही, नवीनच घालायची. इथे केलेली काटकसर हजारभर किलोमीटरात बेअरिंगच्या आवाजाने बाहेर येते.

गिअर तेल जीएल-५ दर्जाचं. साधं ८०डब्ल्यू-९० चालेल, पण सतत कॅम्पर असेल तर ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक बरं. भरायच्या भोकातून गळेपर्यंतच, वर नाही. ब्रीदर (हाउसिंगमधली हवा जाण्या-येण्याचं छोटं तोंड) मोकळा आहे ना ते बघा. तो चोंदला की गरम हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते, ते ब्रेक लायनरवर जातं, आणि गॅरेजवाला सील बदलत बसतो. पावसाळ्यात पाण्यातून जाणार असाल तर ब्रीदरला नळी जोडून वर न्या. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आक्रसून पाणी आत ओढलं जातं. दुधाळ तेल दिसलं की कारण हेच.

रेशोबरोबर दोन गोष्टी तपासायच्याच. एक, मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन. कॅम्परच्या १० टक्के, म्हणजे १२० किलो हुकवर ठेवले, हुक अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस ३.१ मीटर असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलवर १२० नाही, सुमारे १६६ किलो पडतात आणि पुढचा ४६ ने हलका होतो. हौद्यातलं सामान याच्यावर. वजनकाट्यावर नेऊन फक्त मागची चाकं तोलून बघा. दुसरं, ब्रेक. नव्या रेशोने उतारावर इंजिन ब्रेकही त्याच टक्क्यांनी वाढतो, पण १२०० किलोच्या कॅम्परला स्वतःचा ब्रेक हवाच. तो नसेल तर पाचगणीहून वाईकडे उतरताना गाडीचेच लायनर जळतील. कॅम्परची आरटीओत स्वतंत्र नोंदणी आणि नंबर लागतो. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या सेन्सरवर चालत असेल तर रेशो बदलल्यावर चुकेल. चाकांच्या सेन्सरवर असेल तर रेशोने नाही, टायरने चुकतो.

नवा जोड बसल्यावर पहिले २५ किलोमीटर हलक्या पायाने, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. पहिल्या ८०० किलोमीटरात कॅम्पर जोडायचा नाही. त्यानंतर तेल गरम असताना सोडा आणि ड्रेन प्लगचं चुंबक पुसून बघा. बोटावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप आला तर नवे दात एकमेकांना बसले, नवं तेल भरा. नखाला टोचणारी चकती किंवा तुकडा निघाला तर त्याच दिवशी हाउसिंग उघडायचं, आवाज येत नसला तरी.